मुंबईच्या सागवानाची 'सुहैली'

२२ एप्रिल १९६९ या दिवशी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळील फॅलमथ बंदरात एक लहानशी शिडाची नौका शिरली. तिच्या पांढऱ्या अंगावर गंजाचे तांबूस ओघळ उतरलेले होते. रिवाजाप्रमाणे जकात अधिकारी नौकेवर चढले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, की ही नौका कोणत्या बंदराहून आली? नौकेवरच्या एकुलत्या एका माणसाने उत्तर दिले, फॅलमथहून! उत्तर अगदी खरे होते. १४ जून १९६८ रोजी ती याच बंदरातून निघाली होती. मधल्या ३१२ दिवसांत तिने कोणत्याही बंदराचा आश्रय घेतला नाही, कोणाकडून अन्न घेतले नाही की पाणी घेतले नाही. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका या तिन्ही खंडांच्या खालून पृथ्वीला वळसा घालून ती परत आली होती. एकट्या माणसाने न थांबता केलेली ही पहिलीच पृथ्वीप्रदक्षिणा. तो माणूस म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन आणि ती नौका म्हणजे 'सुहैली'.

नॉक्स-जॉन्स्टन यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आपण मात्र आज मुख्यतः नौकेकडे पाहू. त्याला कारणे दोन. पहिले असे, की सुहैली ही मुंबईत, हिंदी सागवानाची, हिंदी सुतारांनी बांधलेली नौका आहे. दुसरे असे, की ती मुळीच वेगवान नव्हती. तुम्हीच गणित करून पाहा. प्रवास सुमारे ३०,००० सागरी मैलांचा झाला. ३१२ दिवसांचे तास होतात ७,४८८. म्हणजे सरासरी वेग ताशी ४ सागरी मैल, नावाड्यांच्या भाषेत ४ नॉट. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तेव्हा हा वेग ताशी साडेसात किलोमीटरही भरत नाही. बाजारातून रमतगमत येणारा सायकलस्वार याहून लवकर घरी पोचतो. त्या वर्षी या शर्यतीत एकूण नऊ जण उतरले होते आणि काहींच्या नौका सुहैलीपेक्षा पुष्कळच वेगवान होत्या. पण शर्यत पुरी केली ती एकट्या सुहैलीने. असे का झाले, याचे निम्मे उत्तर माणसाच्या जिद्दीत आहे आणि निम्मे नौकेच्या आकारात.

नको असलेले नकाशे

नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटींवरचे अधिकारी होते. मुंबई ते इराणचे आखात या मार्गावर त्यांच्या फेऱ्या होत. मुंबईत स्वतःची शिडाची नौका बांधून घ्यावी आणि तीत बसून मायदेशी जावे, असा बेत त्यांनी सहकाऱ्यांबरोबर आखला. इंग्लंडमधील पूल या गावच्या एका पेढीकडून नकाशे मागवले. आले ते मात्र भलत्याच नौकेचे, जुन्या आणि बोजड वळणाचे! दुसरे मागवावेत तर आणखी वेळ जाणार. शेवटी आहेत त्याच नकाशांवर काम सुरू झाले. १९६३ मध्ये बांधणीला हात घातला गेला. ही चूक झाली नसती, तर नऊ जणांच्या शर्यतीचा निकाल काय लागला असता, कोण जाणे.

बांधणीची हत्यारे आपल्या बंदरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती : लाकूड तासायला वाकस, भोके पाडायला दोरीच्या धनुकलीने फिरवायचे गिरमिट. विजेच्या यंत्रांचा थाट नव्हता. लाकूड मात्र अव्वल. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते आणि बुरशीला व किडीला न मानवणारी काही द्रव्ये असतात. त्यामुळे ते सहजासहजी कुजत नाही. शिवाय ओले-सुके होताना ते इतर बहुतेक लाकडांपेक्षा कमी फुगते आणि कमी आकसते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. ती इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. सागवानाची कुवत सांगायला एवढा एक दाखला पुरे.

नावाबद्दल दोन शब्द. इराणच्या आखातातील अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला 'सुहैली' म्हणतात, त्यावरून हे नाव ठेवले गेले. अरबीत 'सुहैल' हे एका ताऱ्याचे नाव आहे. तो तारा तुम्हीही पाहिला असेल. हिवाळ्यात रात्री आपल्याकडून दक्षिण क्षितिजाच्या थोडा वर लखलखणारा अगस्त्य, तोच सुहैल! अगस्तींनी समुद्र पिऊन टाकल्याची कथा आपल्याकडे आहे. या सुहैलीनेही समुद्र थोडा पोटात घेतलाच. ती हकीकत पुढे येईल.

वंशावळ

ते नकाशे होते विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन अभिकल्पकाने १९२० च्या दशकात आखलेल्या 'एरिक' नावाच्या नौकेचे. अ‍ॅटकिनने हा आकार आपल्या मनाने काढलेला नव्हता. त्याचे मूळ होते नॉर्वेमध्ये.

नॉर्वेचा किनारा खडकाळ आणि वादळी. तेथील कोळी उघड्या होड्यांतून मासेमारीला जात आणि अचानक वादळ उठले, की दरवर्षी कित्येक जण बुडून मरत. त्यांच्या बचावासाठी १८९१ मध्ये एक संस्था स्थापन झाली आणि कॉलिन आर्चर या नौका-अभिकल्पकाने तिच्यासाठी शिडाच्या बचाव-नौका तयार केल्या. (नान्सेनची सुप्रसिद्ध 'फ्राम' ही ध्रुवप्रदेशातील नौकाही याच आर्चरने आखली.) या बचाव-नौकांवर इंजिन नव्हते. वादळ झाले म्हणजे बाकीच्यांनी किनारा गाठायचा आणि यांनी मात्र समुद्रात शिरायचे, असे त्यांचे काम. तेव्हा वेग दुय्यम. नौका उलटता कामा नये, फुटता कामा नये आणि चार-दोन माणसांना ती आवरता आली पाहिजे, या अटी पहिल्या. ह्या मूळ नौका सुमारे १४ मीटर लांब होत्या. अ‍ॅटकिनने तोच आकार १० मीटरच्या आत आणला आणि सहलीच्या नौकेत उतरवला.

म्हणजे सुहैलीच्या अंगात बचाव-नौकेचे रक्त होते, असे म्हणायला हरकत नाही. आता हा आकार जरा जवळून पाहू.

पोटातले लोखंड

सुहैलीच्या मुख्य अंगाची लांबी ३२ फूट ५ इंच, म्हणजे ९.९ मीटरच्या आसपास. पुढे नाळेतून निघालेला आणि मागे पिछाडीतून निघालेला दांडा धरला, तर ही लांबी ४४ फूट होते. रुंदी ११ फूट १ इंच. पाण्याखालची खोली साडेपाच फूट. तिच्या तळाला पुढून मागेपर्यंत लांबच लांब कणा आहे; आपल्या कोकणातले नावाडी त्याला पठाण म्हणतात. या कण्याच्या खाली टनावारी वजनाचे लोखंड जोडलेले आहे. नौका स्थिर राहावी म्हणून तळाशी घातलेल्या अशा वजनाला आपल्याकडे नीरम असा जुना शब्द आहे.

नीरम काय करते, हे घरच्या घरी पाहता येते. रिकामी बाटली घट्ट बूच लावून बादलीतल्या पाण्यावर सोडा. ती आडवी होते. आता तिच्यात तळाशी थोडी वाळू घाला आणि पुन्हा सोडा. ती उभी राहील. बोटाने आडवी पाडली, तरी पुन्हा उभी होईल. असे का होते? बाटलीचे वजन तिच्या गुरुत्वमध्यातून खाली ओढते. पाण्याचा वरचा रेटा मात्र बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर ढकलतो. बाटली कलली, की हे दोन बिंदू एका उभ्या रेषेत राहत नाहीत. दोन बलांची जोडी तयार होते आणि ती बाटलीला फिरवू लागते. गुरुत्वमध्य पुरेसा खाली असेल, तर ही जोडी बाटलीला सरळ करते. तो वर असेल, तर आणखी पाडते.

नौकेला स्थैर्य देण्याचा दुसराही मार्ग आहे, आणि तो म्हणजे रुंदी. रुंद तराफा कलला, की खालच्या बाजूला जास्त भाग बुडतो आणि तेथून पाणी त्याला उचलून धरते. पण या मार्गात एक धोका लपलेला आहे. तराफा जितका सुलटा स्थिर, तितकाच उलटाही स्थिर! एकदा पालथा झाला, की तसाच राहतो. तीन सांगाडे जोडलेल्या वेगवान नौकांची हीच गत असते. त्या शर्यतीत तशा दोन नौका होत्या. सुहैलीसारखी लोखंडाच्या कण्याची नौका पालथी झाली, तर ते लोखंड वर येते आणि तेथे त्याला राहवत नाही; ते खाली येताना नौकेला सुलटी करते. वादळात हा फरक जीवन-मरणाचा असतो.

दोन्ही टोके निमुळती

सुहैलीकडे मागून पाहिले, तर पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती, असा क्षणभर प्रश्न पडतो. कारण तिची पिछाडीही नाळेसारखीच निमुळती आहे. बहुतेक नौकांची पिछाडी फळी मारल्यासारखी सपाट असते. दक्षिण महासागरात पश्चिमेचे वारे अखंड वाहतात आणि प्रचंड लाटा मागून येतात. सपाट, रुंद पिछाडीला लाट धक्का मारते, उचलून धरते आणि नौकेला आडवी फिरवू पाहते. नौका लाटेला आडवी झाली, की संपलेच. निमुळती पिछाडी लाटेला दुभंगते आणि पाणी दोन्ही अंगांनी निघून जाते. शिवाय तो लांब पठाण पाण्याला धरून राहतो, त्यामुळे नौका सरळ रेषेतून चटकन ढळत नाही. या गुणाची किंमतही द्यावी लागते. अरुंद बंदरात सुहैली वळवणे म्हणजे गल्लीत बैलगाडी वळवण्यासारखे आहे.

आता तिच्या मंदगतीकडे वळू. ही मंदगती आळसाची नव्हे, भौतिकीची आहे. नौका चालताना पाण्यावर लाटा उठवते. एक लाट नाळेपाशी उठते. वेग वाढेल तशी लाटेची लांबी वाढत जाते. शेवटी एक वेळ अशी येते, की लाटेचे एक शिखर नाळेशी आणि दुसरे पिछाडीशी असते. नौका मधल्या खळग्यात बसते. याहून वेगाने जायचे, तर तिला आपणच उठवलेल्या टेकडीवर चढावे लागते, आणि वजनदार नौकेला ते जमत नाही. खोल पाण्यात लाटेचा वेग काढण्याचे सूत्र सोपे आहे. गुरुत्व-त्वरणाला लाटेच्या लांबीने गुणावे, २π ने भागावे आणि वर्गमूळ काढावे. सुहैलीची पाण्याच्या रेषेवरची लांबी २८ फूट, म्हणजे ८.५३ मीटर. ९.८१ गुणिले ८.५३ भागिले ६.२८, उत्तर येते १३.३. त्याचे वर्गमूळ ३.६५. म्हणजे सेकंदाला ३.६५ मीटर किंवा सुमारे ७ नॉट. वारा कितीही असो, ही नौका साधारणपणे एवढ्याच वेगाला अडते. सूत्रात वर्गमूळ आहे, हे ध्यानात घ्या. वेग दुप्पट करायचा, तर नौकेची लांबी चौपट हवी! ७ नॉटांच्या मर्यादेपैकी ४ नॉटांची सरासरी दहा महिने टिकवणे ही गोष्ट आता तुम्हाला तितकी क्षुद्र वाटणार नाही.

शिडांबद्दल थोडेसे. सुहैलीला डोलकाठ्या दोन, पुढची मोठी आणि सुकाणूजवळची मागची लहान. शिडे त्रिकोणी, त्यांचे एकूण क्षेत्र ६६६ चौरस फूट. एवढे कापड एकाच प्रचंड शिडात असते, तर वादळात एकट्या माणसाच्या हाताला ते आवरले नसते. तुकड्यातुकड्यांत असल्यामुळे हवे तेवढे उतरवता येते. पण दोन डोलकाठ्यांचा याहून मोठा एक फायदा आहे. एक लांबट फळी पाण्यावर सोडा आणि बोटाने बाजूने ढकला. मधोमध ढकलली, तर ती सरळ सरकते. पुढच्या टोकाशी ढकलली, तर पुढचे टोक दूर वळते. मागच्या टोकाशी ढकलली, तर मागचे. वारा हे तुमचे बोट आहे असे समजा. पुढची शिडे नाळेला वाऱ्यापासून दूर रेटतात, मागचे शीड पिछाडीला रेटते, म्हणजेच नाळ वाऱ्याकडे वळवते. दोन्हींचे प्रमाण बरोबर जमवले आणि सुकाणू दोरीने बांधून टाकले, तर नौका स्वतःच आपली दिशा धरून जाऊ शकते. हा गुण पुढे उपयोगी पडला.

परीक्षा

डिसेंबर १९६५ मध्ये सुहैली मुंबई सोडून निघाली. नॉक्स-जॉन्स्टन, त्यांचे बंधू आणि एक मित्र असे तिघे जण तीत होते. अरबस्तानचा आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा धरून ते दरबानला पोचले, तेथे पैशासाठी नोकऱ्या केल्या, आणि पुढे केप टाउनहून निघून ७४ दिवस न थांबता थेट लंडन गाठले. नौका समुद्राला पुरी पडते, हे तेव्हाच कळून चुकले.

त्याच सुमारास, म्हणजे १९६६-६७ मध्ये, फ्रान्सिस चिचेस्टर यांनी वाटेत फक्त सिडनीला थांबून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकदाही न थांबता कोणी करील काय, हा प्रश्न साहजिकच पुढे आला आणि 'संडे टाइम्स' या वृत्तपत्राने 'गोल्डन ग्लोब' शर्यत जाहीर केली. नॉक्स-जॉन्स्टन यांना नवी मोठी नौका हवी होती. पण तिच्यासाठी पैसा उभा राहिला नाही. सुहैली तेवढी हाताशी होती.

पहिली आपत्ती अटलांटिकमध्येच आली. केप व्हर्ड बेटांच्या आसपास पोचेपर्यंत तळाशी रोज बरेच पाणी साठू लागले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी बुडी मारून पाहिले. पठाणाजवळच्या फळ्यांची फट दोन्ही बाजूंना उघडी पडत होती, नौका डोलेल तशी ती उघडझाप करत होती. हे कसे झाले, ते समजून घेऊ. लाकडी नौकेच्या फळ्या कडेला कड लावून बसवतात. मधल्या फटीत कापूस ठोकून भरतात आणि वरून लुकण लावतात. पाण्यात लाकूड फुगते, फळ्या एकमेकींना दाबतात आणि कापूस घट्ट बसतो. पण खवळलेल्या समुद्रात लाटा सगळा सांगाडाच पिळत असतात. हा पीळ पठाणाजवळ सर्वांत जास्त बसतो. त्यामुळे तेथला कापूस सुटतो.

कोरड्या गोदीत हे काम किरकोळ. येथे ते पाण्याखाली पाच फुटांवर, श्वास रोखून करायचे होते. नुसता कापूस काही केल्या बसेना. मग त्यांनी कॅनव्हासची एक लांब पट्टी कापली, तिच्यावर कापूस शिवला, वर डांबर थापले आणि ती पट्टी तांब्याच्या चुकांनी फटीवर ठोकून बसवली. तिच्यावर तांब्याचा पत्रा मारला. पाण्यात गोरे अंग शार्कच्या नजरेस पडू नये म्हणून गडद कपडे घालून ते बुड्या मारत. तरीही एक शार्क आला. त्याला बंदुकीने मारावे लागले. एका बाजूचे काम झाल्यावर वारा सुटला आणि दुसऱ्या बाजूचे पुढे करावे लागले. ही ठिगळे टिकली.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, केप ऑफ गुड होपच्या दक्षिणेस, एका लाटेने सुहैलीला आडवी पाडली. डोलकाठ्या पाण्यात गेल्या. आणि मग बाटलीच्या प्रयोगात आपण पाहिले तेच घडले. लोखंडाने तिला पुन्हा उभी केली. पण केबिनचे छप्पर आपल्या जागेवरून किंचित सरकले होते, सांध्यांना भेगा पडल्या होत्या. आणखी एक अशी लाट आली असती, तर छप्पर उडून नौका उघडी पडली असती. त्यांनी ते आधार देऊन आवळले. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या दूषित झालेल्या आढळल्या. तेव्हापासून शिडावरून ओघळणारे पावसाचे पाणी धरून प्यायचे, हाच मार्ग राहिला. रेडिओही पुढे बंद पडला.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस पोचेपर्यंत वाऱ्याच्या पंख्यावर चालणारे स्वयंचलित सुकाणूयंत्रही मोडले. अर्धी पृथ्वी अजून बाकी होती. एकटा माणूस चोवीस तास सुकाणूवर बसू शकत नाही, त्याला झोपावे लागते. येथे त्या दोन डोलकाठ्या कामाला आल्या. शिडांचे प्रमाण साधून, सुकाणू बांधून, सुहैलीला आपली आपण चालू द्यायची, असा क्रम त्यांनी ठेवला. वारा फार मागून असेल, तेव्हा मात्र तासन्‌तास स्वतः बसावे लागे. नोव्हेंबर १९६८ मध्ये न्यूझीलंडजवळ ती शेवटची दिसली आणि नंतर सुमारे साडेचार महिने तिचा पत्ता नव्हता. घरच्यांनी काय समजायचे? १७ जानेवारी १९६९ रोजी तिने केप हॉर्न ओलांडले होते, पण ते सांगायला रेडिओ नव्हता. एप्रिलच्या सुरुवातीला अझोर्स बेटांजवळ एका तेलवाहू जहाजाला ती दिसली, तेव्हा कोठे बातमी पोचली.

इतर आठांचे काय झाले? काहींच्या नौका मोडल्या, काहींची प्रकृती ढासळली. फ्रान्सचे मॉइतेसिए केप हॉर्न ओलांडून, जिंकण्याची संधी असताना, शर्यत सोडून ताहितीकडे निघून गेले. त्यांची पोलादी 'जोशुआ' हीदेखील दोन्ही टोके निमुळती असलेली, दोन डोलकाठ्यांची नौका होती, हे नोंदवून ठेवा. तीन सांगाड्यांच्या नौकेतून गेलेले नायजेल टेटली घराच्या जवळ आले असताना मे १९६९ मध्ये त्यांची प्लायवुडची नौका फुटून बुडाली. त्यांना वाचवण्यात आले. तशाच दुसऱ्या नौकेतले डोनाल्ड क्रोहर्स्ट अटलांटिकमध्येच घोटाळत राहिले, खोटी स्थाने कळवत राहिले आणि अखेर नाहीसे झाले. त्यांची रिकामी नौका सापडली. नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपले ५,००० पौंडांचे बक्षीस क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला देऊन टाकले.

संग्रहालयात धोका

पुढेही सुहैली फिरतच राहिली. १९८९ मध्ये तिने कोलंबसाच्या मार्गाने अटलांटिक ओलांडला, तोही जुन्या काळच्या अ‍ॅस्ट्रोलेब या उपकरणाने ताऱ्यांची उंची मोजत. १९९१ मध्ये ती गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टन यांना घेऊन ग्रीनलंडला गेली. मग एवढ्या ऐतिहासिक नौकेची नीट जपणूक व्हावी म्हणून तिला ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवण्यात आले. छप्पर, स्वच्छता, नियंत्रित कोरडी हवा, सर्व व्यवस्था उत्तम. आणि तेथेच तिची प्रकृती बिघडू लागली!

आपल्या खेड्यांतील गाडीवानाला याचे कारण विचारा. उन्हाळ्यात बैलगाडीचे लाकडी चाक वाळून आकसते आणि त्यावरची लोखंडी धाव सैल पडते. म्हणून तो चाक पाण्यात भिजत ठेवतो. लाकूड हे सूक्ष्म नळ्यांची जुडी आहे. या नळ्यांच्या भिंतींत पाणी शोषलेले असते. हवा कोरडी असेल, तर ते निघून जाते आणि भिंती पातळ होतात. नळ्यांच्या लांबीत फारसा फरक पडत नाही, जाडीत पडतो. म्हणून फळी लांबीला तशीच राहते, पण रुंदीला आकसते. समजा, १५ सेंटिमीटर रुंदीची फळी शेकडा एक एवढीच आकसली. फट पडेल दीड मिलिमीटरची. आता पठाणापासून वरच्या काठापर्यंत अशा १५ फळ्या असतील, तर एका बाजूला एकूण सव्वादोन सेंटिमीटर! फळ्या खिळ्यांनी बरगड्यांना जखडलेल्या. त्यांना सरकायला वाव नाही. मग त्या चिरतात किंवा खिळ्यांना ओढतात. सागवान कमी आकसते हे खरे, पण आकसतच नाही असे नव्हे.

चित्र असो, पोथी असो, ती कोरड्या हवेत टिकते, हा संग्रहालयांचा अनुभव आहे. लाकडी नौकेच्या बाबतीत तो उलटा ठरतो. ती ओली राहील अशा हिशेबानेच जन्माला आलेली असते. नॉक्स-जॉन्स्टन यांनी सुहैली तेथून हलवली आणि पुन्हा पाण्याशी नाते जोडून दिले. पुढे त्यांनी स्वतः खपून तिची मोठी डागडुजी केली. त्या कामाचा सर्वांत किचकट भाग होता खिळ्यांचा. लाकूड टिकले होते, पण बांधणीत वापरलेले लोखंड पन्नास वर्षे खाऱ्या ओलाव्यात राहून गंजले होते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो आजूबाजूच्या लाकडालाही फोडू लागतो. तेव्हा जुने खिळे आणि बोल्ट शेकड्यांनी उपसून काढावे लागले. फॅलमथला परतली तेव्हा तिच्या अंगावर जे तांबूस ओघळ होते, ते याच रोगाचे.

१४ जून २०१८ रोजी, निघाल्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, फॅलमथच्या समुद्रात शिडांच्या नौकांची मिरवणूक निघाली. अग्रभागी सुहैली होती.

गोव्यातली बहीण

त्याच वर्षी जुन्या शर्यतीची आठवण म्हणून नवी 'गोल्डन ग्लोब' शर्यत १ जुलै २०१८ रोजी फ्रान्समधून सुरू झाली. अट अशी, की १९६८ सालच्या पद्धतीच्या नौका आणि साधने वापरायची. उपग्रहावरून स्थान पाहायचे नाही. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी तीत उतरले. २०१२-१३ मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' नौकेतून मुंबई ते मुंबई, न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. (त्याआधी २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी त्याच नौकेतून, वाटेत थांबत, एकट्याने पहिली भारतीय प्रदक्षिणा पुरी केली होती.) या शर्यतीसाठी टॉमी यांनी निवडलेली 'तुरीया' ही नौका म्हणजे सुहैलीचीच प्रतिकृती होती आणि तीही गोव्यातच, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली होती.

बाह्य आकार तोच. बांधणी मात्र निराळी. तुरीयाच्या लाकडी पट्ट्या इपॉक्सी या कृत्रिम राळेने एकजीव केलेल्या होत्या. म्हणजे कापूस भरायची फटच नाही, आणि फट नसल्यामुळे फुगण्या-आकसण्याचा आणि गळण्याचा प्रश्नही फारसा उरत नाही. १९६८ मध्ये जे काम शार्कच्या पाण्यात बुडी मारून करावे लागले, ते इपॉक्सीने आधीच कारखान्यात करून टाकले होते.

पण लाटेला इपॉक्सीचे काय! २१ सप्टेंबर २०१८ रोजी, ऑस्ट्रेलियातील पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, दक्षिण हिंदी महासागरातील एका भीषण वादळात तुरीया पालथी झाली. तळाच्या वजनाने तिला पुन्हा सुलटी केले, परंतु डोलकाठी मोडली होती आणि उंचावरून पडल्याने टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली होती. त्यांना हालचालही करता येत नव्हती. तरंगत राहिलेल्या त्या नौकेत ते तीन दिवस पडून होते. २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजाच्या माणसांनी त्यांना उचलून नेले. बरे झाल्यावर ते पुढच्या शर्यतीत पुन्हा उतरले, या वेळी काचतंतूंच्या, परंतु लांब कण्याच्याच नौकेतून, आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकाने परत आले.